लोहचुंबकाची साक्ष

खुटबाव, ता. दौंड
२० नोव्हेंबर २०२३

चि. रोहिदास यास आबाचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी हाय ते आधी लिही. त्या फर्नेसपुढं उभं राहून अंगातलं पाणी जातं, ताकाची बाटली नेत जा. शितलची कंबर दिवाळीत धरली होती, ती सुटली का? साईचा खोकला गेला का? तिला म्हणावं, पहिलीत गेलीस, आता आबाला चार ओळी लिही. वहिनींचे गुडघे कसे हायत? त्यांना सांग, दीर म्हणतो जिना चढू नका, लोकांनाच खाली बोलवा. माझं विचारशील तर कान सोडून सगळं शाबूत हाय.

कानांचं तुला ठाऊकच हाय. चाळीस वर्षं घण घातला, आता पुढ्यात बँड वाजला तरी मला नुसती गाल फुगवलेली माणसं दिसतात. परवा टेम्पोवाल्या म्हाळूनं त्याचा फोन माझ्या कानाला लावला. मी बराच वेळ 'बरं बरं' म्हणत राहिलो. मागनं कळलं, पलीकडं विमा विकणारी बाई होती. म्हणून आपलं पत्रच बरं. अक्षराला ओरडावं लागत न्हाई.

आता कामाचं. चौफुल्याच्या नर्सरीत गुलाबाचे डोळे भरून कलमं करायला नकुशीची टोळी हाय, बारा बाया. वीस वर्षं त्यांच्या हातात माझेच चाकू. आता तिथं जालिंदर नावाचा नवा मॅनेजर आलाय. तो म्हणतो, झाडागणिक चाकू औषधाच्या पाण्यात बुडवायचा, न्हाईतर एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागतो. त्याचं खरं हाय. पण माझं पातं गाडीच्या कमानपाट्याचं. त्या पाण्यानं चार दिसांत त्याला देवी आल्यागत खड्डे पडले. जालिंदर म्हणाला, "आबा, स्टेनलेसचे बारा करून द्या. जमलं तर पुढं सगळे तुमचेच. न्हाई जमलं तर मी बाहेरून मागवतो."

बारा चाकूंसाठी मी एवढं लिहिलं नसतं. मला पोरबाळ न्हाई. ती शेड, ती ऐरण, पात्यावर मारायचा ठसा, सगळं तुझ्यासाठी ठेवलंय. हे तोंडानं कधी बोललो न्हाई, कागदावर बोलतो. स्टेनलेस जमलं तर नर्सऱ्या आपल्याकडं येतील, आन् तुलाही गावाकडं परतायला निमित्त राहील.

मी फुलं लावणाऱ्या घरातला. बाजारचा चाकू गुलाबाची साल फाडायचा म्हणून रागानं भट्टी पेटवली, आन् बघून बघून शिकलो. कमानपाटा मला डोळे मिटून कळतो. पण हे पांढरं लोखंड मला ओळखच देत न्हाई. कुठलं घेऊ? तू रोज आगीपुढं असतोस, तूच निवड. तू म्हणशील ते.

तुझा,
आबा


शिरूर
२९ नोव्हेंबर २०२३

तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार.

इकडं सगळे बरे आहेत. शितलची कंबर ठीक. साई खोकत नाही, पण शाळेला जायच्या वेळेला बरोबर खोकते. आई तुमचा निरोप ऐकून हसली.

आबा, स्टेनलेस म्हणजे एक माणूस नाही, अख्खी भावकी आहे. आडनाव एक, स्वभाव वेगवेगळे. मी तीन प्रकार बघितले.

पहिलं ताटवाट्यांचं. ते कधी गंजत नाही, पण त्याला पाणी चढत नाही. तापवा, विझवा, मऊ ते मऊच. ते चाकूसाठी मनातून काढून टाका.

दुसऱ्यात कार्बन भरपूर. भयंकर कडक होतं, धार खूप टिकते. शहरातले हौशी लोक तेच मागतात. पण धार एकदा गेली की नकुशीमावशीच्या दगडावर ती परत येणार नाही, आणि चाकू फरशीवर पडला तर टोक उडेल.

तिसरं दाढीच्या पात्याच्या जातीचं. कार्बन बेताचा, कण बारीक. धार अगदी पातळ लागते आणि दगडावर दोन हात मारले की पुन्हा येते. औषधाच्या पाण्यालाही टिकतं. डोळा भरताना सालीखाली पातं नुसतं सरकवायचं असतं, बळ लावायचं नसतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. म्हणून मी तिसरं निवडलं.

पुण्याहून दोन पट्ट्या आणल्या आहेत. एकीतून सहा पाती निघतील. म्हाळूच्या टेम्पोतून पाठवतो. आकार कानशीनं मऊ असतानाच द्या. भट्टीत मात्र घालू नका. तुम्ही जो लाल रंग बघून पाणी देता, तो याला कमी पडतो. याला हजार पन्नास अंश लागतात आणि तेवढ्यावर काही मिनिटं धरून ठेवावं लागतं. पाती परत माझ्याकडं द्या, गेल्या वर्षी तुमच्या विळ्यांना दिलं तसं आमच्याच फर्नेसमध्ये पाणी देतो. साहेबांची काळजी करू नका. त्यांना माहीत आहे, त्यांची माझ्यावर मर्जी आहे.

गावाकडं यायचं लिहिलंत ते शितलला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुमच्या मनात होतंच की." होतंच, आबा.

तुमचा,
रोहिदास


खुटबाव
८ डिसेंबर २०२३

चि. रोहिदास यास आशीर्वाद.

पट्ट्या पोचल्या. तुझं पत्र तर मी तीनदा वाचलं. कुणी मास्तर सांगणार न्हाई असं सांगितलंस.

आता लिहितो ते मनाला लावून घेऊ नको. रविवारी दौंडच्या बाजारात गेलो होतो. एक पट्टी खिशात होती, खरं सांगायचं तर मिरवायला. अनसाबाईचं भांड्यांचं दुकान तुला माहीत हाय. तिच्याकडं दोरीला बांधलेलं स्पीकरचं लोहचुंबक असतं, अख्खं दौंड त्यावर भांडी घेतं. चिकटलं तर भेसळ, न्हाई चिकटलं तर खरं स्टील. मी कौतुकानं पट्टी पुढं केली. तिनं लोहचुंबक जवळ नेलं आन् ते चटकन जाऊन बसलं.

मला ऐकू यावं म्हणून ती ओरडली, म्हंजी सगळ्या बाजाराला ऐकू गेलं. "आबा, पुतण्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा दिला की तुम्हाला!"

लोक हसले. मी म्हणालो, "पोरगं साधं हाय. त्याला कुणीतरी फसवलं."

एकजण माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आबा, कुणी कुणाला फसवलं?"

मी ऐकू न आल्यागत केलं. बहिरेपणाचा तेवढाच उपयोग.

रोहिदास, तुला पुण्याच्या व्यापाऱ्यानं फसवलं असंल तर तुझा दोष न्हाई. आन् तुझ्याच हातून काही कमीजास्त झालं असंल, घाईत हलकं घेतलं गेलं असंल, तरी मी माफ केलं. मनापासून केलं. माणसाच्या हातून होतं. त्यासाठी तोंड लपवू नको.

मी आपला दुधाच्या जुन्या टाकीचा पत्रा भंगारातून आणलाय. लोहचुंबक त्याच्याकडं ढुंकून बघत न्हाई. बारा पाती कापून झाली. तू लिहिलंस ताटाच्या स्टीलला पाणी चढत न्हाई, पण हा पत्रा ताटाच्या तिप्पट जाड हाय, आन् माझ्या हातून आजवर कशाला पाणी चढलं न्हाई ते सांग.

येत्या गुरुवारी रांजणगावच्या गणपतीला जीप जाणार हाय. तुझी कंपनी तिथंच, तवा तुझ्या साहेबांनाही भेटेन म्हणतो. त्यांची तुझ्यावर मर्जी हाय, ते त्या व्यापाऱ्याला जाब विचारतील. तू भिडस्त, तुझ्यानं व्हायचं न्हाई.

शितलला, साईला आशीर्वाद. वहिनींना नमस्कार.

आबा


शिरूर
१२ डिसेंबर २०२३
(स्पीडपोस्टनं)

आबा, नमस्कार.

पत्र आजच मिळालं. आधी एकच सांगतो. गुरुवारी गणपतीला या, घरी जेवायला या, पण कंपनीत जाऊ नका. साहेबांना भेटू नका. का ते समोर सांगेन. म्हाळूला दोनदा फोन केला, तो टेम्पो घेऊन वाशीला गेलाय. हे पत्र तुम्हाला वेळेत मिळू दे.

लोहचुंबकाचं. अनसाबाई भांडी विकते. तिची परीक्षा भांड्याला ठीक, चाकूला उलटी. ज्या स्टेनलेसला लोहचुंबक चिकटत नाही, त्यालाच पाणी चढत नाही. चाकूच्या स्टेनलेसला ते चिकटणारच. तुमचा कमानपाटा लोहचुंबकाला चिकटतो ना? मग वीस वर्षं तुम्ही बायांना भेसळीचे चाकू दिलेत का?

टाकीच्या पत्र्याचे चाकू नर्सरीत देऊ नका. दिसायला आरशासारखे दिसतील, पण धार धरणार नाहीत.

माफीचं लिहिलंत, तेही वाचलं.

रोहिदास


खुटबाव
१६ डिसेंबर २०२३

चि. रोहिदास यास आशीर्वाद.

गुरुवारी दर्शन छान झालं. तू दुसऱ्या पाळीला येणार म्हणून भेट झाली न्हाई, आन् शिरूरला यायचं तर जीपवाला थांबेना. पण तुझ्या साहेबांची भेट झाली!

गेटवरच्या माणसानं आधी हात हलवून मला वाटेला लावलं. बहुतेक मागत्या समजला. मी पट्टी काढून दाखवली आन् तुझं नाव घेतलं, तवा आत गेला. साहेब स्वतः बाहेर आले. मला ऐकू येत न्हाई हे बघून त्यांनी खिशातलं पेन काढलं आन् कागदावर लिहून विचारलं. एवढा मोठा माणूस, पण किती समजूत! तो कागद मी जपून आणलाय. त्यांनी लिहिलेलं आन् मी तोंडी सांगितलेलं, दोन्ही उतरवून धाडतो.

साहेब : ही पट्टी कुणी दिली?
मी : आमच्या रोहिदासनं. त्याला पुण्यात कुणीतरी फसवलंय.
साहेब : याचं काय करणार?
मी : चाकू. तुमच्याच भट्टीत पाणी देणार म्हणाला. तुमचे लई उपकार.
साहेब : याआधी कधी दिलंय?
मी : दिलंय की. गेल्या साली माझे विळे. लई झकास झाले होते.
साहेब : कुठल्या पाळीला?
मी : ते त्यालाच ठाऊक. कामाला वाघ हाय आमचा पोरगा.
साहेब : बरं. चहा घेऊन जा.

चहात वेलची होती. पट्टी त्यांनी चौकशीसाठी ठेवून घेतली. देवमाणूस हाय. तुझं नशीब चांगलं.

घरी आलो, आन् काल तुझं स्पीडपोस्ट आलं. कंपनीत जाऊ नका म्हणून लिहिलंस. मला कळलं रे. धोतरातला चुलता गेटवर उभा राहिला तर चारचौघांत कसं दिसेल, असं वाटलं असंल. त्यात वाईट वाटून घ्यायचं न्हाई, तुझ्या वयात मीही बापाला बाजारात ओळख दाखवायला लाजायचो.

लोहचुंबकाचं तू लिहिलंस ते डोक्यावरून गेलं. राग आला म्हणून पोरं असं काहीबाही लिहितात. चाकू बारा झाले. ठसा मारला. जालिंदरनं स्वतः लोहचुंबक लावून बघितलं, एकालाही चिकटलं न्हाई, तवा माझ्या पाठीवर थाप मारली. नकुशीच्या बाया सोमवारपासून डोळे भरतील.

आता तू यायची तयारी कर.

आबा


शिरूर
३ जानेवारी २०२४

तीर्थरूप आबांस नमस्कार.

सगळे बरे आहेत. कामात होतो म्हणून पत्राला उशीर. राहिलेली पट्टी परत पाठवली नाही तरी चालेल.

रोहिदास


खुटबाव
४ फेब्रुवारी २०२४

चि. रोहिदास यास आशीर्वाद.

महिना झाला, तुझं तेवढं तीन ओळींचं पत्र. आधी वाटलं रुसलास. मग म्हणालो, रुसू दे, आपल्याच माणसावर रुसतात. पण आता मलाच लिहायचं हाय, आन् ते लिहायला चार दिवस हात उचलला न्हाई.

चाकू गेले. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत बाया खूश होत्या, आरशागत चमकतात म्हणून कुंकू बघत होत्या त्यात. दुपारनंतर धार लोळली. दगडावर घासायची, वीस-तीस डोळे भरायचे, पुन्हा लोळायची. नकुशीनं सगळ्यांसमोर चाकू माझ्या हातात दिला आन् माझ्या तोंडापुढं येऊन मोठ्यानं म्हणाली, "आबा, ह्यानं भाकरीवर लोणी लावा." मी हसलो. तीही हसली. पण जानेवारीत बघितलं तर निम्म्याहून जास्त डोळे काळे पडले होते. साल कापली गेलीच न्हाई, चिरडली गेली. जालिंदरनं बाराही चाकू पिशवीत घालून माझ्या शेडपुढं आणून ठेवले. तेही एक वेळ सोसलं. पण त्यानं नकुशीच्या टोळीलाही घरी बसवलं, बाहेरची टोळी आणली. बाया रस्त्यात पदर सारखा करून बाजूला होतात.

मग मी तुझी दुसरी पट्टी काढली. भट्टीत कोळसा भरला, पंखा पुरा सोडला, लाल गेला, नारंगी आला, पिवळ्याला टेकला तवा बाहेर काढून तेलात विझवली. जरा वाकली. पण कानस लावली तर कानस घसरली, रोहिदास. काचेवरून घसरावी तशी. टाकीच्या पत्र्यात तीच कानस गुळागत शिरते. पट्टीला धार लावून हाताचे केस काढून बघितले. आठ दिवस औषधाच्या पाण्यात ठेवली, डाग न्हाई.

तुझं पहिलं पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात सगळं लिहिलं होतंस. मी 'तू म्हणशील ते' म्हणालो आन् तुझं सोडून सगळ्यांचं ऐकलं.

आता तूच पट्ट्या आण. मी कानशीनं बारा पाती घडवतो, तू तुमच्या फर्नेसमध्ये पाणी दे. साहेबांना माझा नमस्कार सांग. त्यांनी चौकशी करतो म्हटलं होतं, त्यांना म्हणावं, आता गरज न्हाई, चूक आमचीच होती. जालिंदरच्या पाया पडून मी आणखी एक संधी मागतो. बायांना काम परत मिळालं पाहिजे.

लवकर लिही.

आबा


शिरूर
१२ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप आबांस शितलचा नमस्कार.

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहिते आहे.

साहेबांना तुमचा नमस्कार सांगता येणार नाही. तुम्ही येऊन गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी ह्यांचा गेटपास काढून घेतला. कंपनीच्या फर्नेसमध्ये बाहेरचा माल घालायचा नाही, असा नियम आहे. सगळेच घालतात, कुणी कोयता, कुणी छिन्नी. साहेबांना माहीत असतं असंही नाही आणि नसतं असंही नाही. पण कुणी गेटवर येऊन त्याबद्दल आभार मानले की साहेबांना माहीत नसल्यासारखं वागावंच लागतं.

साहेबांना सांगितलंय असं ह्यांनी तुम्हाला लिहिलं होतं, ते खोटं होतं. तुम्हाला घोर नको म्हणून लिहिलं. तेवढी चूक ह्यांची आहे, ती मी झाकत नाही.

दुसऱ्या दोन ठिकाणी गेले. दोन्हीकडं आधीच फोन झालेला होता. आता कांद्याच्या वखारीत गोण्या उचलतात. तुम्हाला कळवू द्यायचे नाहीत. "आबा गेटवर येऊन रडतील आणि आणखी कुणाला तरी भेटतील," म्हणाले.

तुमचं सोळा तारखेचं पत्र आलं तेव्हा ते घरीच होते. मोठ्यानं वाचलं त्यांनी. 'देवमाणूस' पर्यंत आले आणि हसले. तसं हसणं मी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. त्यानंतरची तुमची पत्रं मीच फोडते.

नोकरीचं दुःख आहेच. पण गेल्या महिन्यात आईंच्या भाच्याचं लग्न होतं दौंडला. जेवणाच्या पंगतीत एकानं खिशातून लोहचुंबक काढून ह्यांच्या छातीला लावलं. "बघू बघू, खरा हाय का भेसळ!" सगळी पंगत हसली. मुद्दाम घरून आणलं होतं, आबा. ह्यांनी ताटावर पाणी सोडलं नाही, सगळं जेवले आणि उठले. घरी येऊन म्हणाले, "आबांनी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी अनसाबाईला विचारलं."

आणि ती माफी. तुम्ही लिहिलंत, मी माफ केलं. ह्यांनी विचारलं मला, "कशाबद्दल?" चोर म्हणाला असतात तर ते भांडले असते तुमच्याशी. माफ केल्यावर माणसानं भांडायचं कसं?

तुमचं चौथ्या तारखेचं पत्र मी त्यांच्यापुढं ठेवलं होतं. त्यांनी पाकीट उलटून पत्ता बघितला आणि परत माझ्याकडं सरकवलं.

तुमच्यावर राग धरून लिहीत नाही. तुम्ही वाईट मनानं काही केलं नाहीत, हे मला कळतं. त्यानं काही सोपं होत नाही.

तब्येतीला जपा.

शितल


खुटबाव
२५ फेब्रुवारी २०२४

चि. रोहिदास,

ह्या खेपेला कुणाची तब्येत विचारायचं तोंड न्हाई. शितलवर रागावू नको. तिनं लिहिलं म्हणून मला कळलं, न्हाईतर मी साहेबांना नमस्कारच धाडत बसलो असतो.

तिचं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी रांजणगावला गेलो. गेटवरच्या माणसानं ओळखलं. आत जाऊन आला आन् मान हलवली. मी तिथंच उभा राहिलो. दुपारी साहेबांची गाडी बाहेर पडली, काच वर होती. मी हात जोडले. त्यांनी बघितलं का न्हाई, सांगता येत न्हाई.

मग रविवारी दौंडला गेलो. म्हणालो, जिथं बोललो तिथंच परत बोलायचं. अनसाबाईच्या दुकानापुढं ऐन गर्दीत टाकीच्या पत्र्याचा आन् तुझ्या पट्टीचा, दोन्ही तुकडे काढले. म्हणालो, "हे बघा. ज्याला चिकटत न्हाई त्याच्या चाकूला भाकरीही जड जाते. ज्याला चिकटतं त्यानं केस निघतात. माझा पुतण्या खरा होता. मी चुकलो." हातावरचे केस काढून दाखवले.

अनसाबाईनं एक स्टूल पुढं केलं, "बसा आबा, ऊन लागलंय तुम्हाला." एकानं पाठीवर हात ठेवला आन् कानाशी तोंड आणून सांगितलं, "पुतण्या हाय, एवढं बोलावंच लागतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. फार मायेनं डोलावल्या, रोहिदास. कुणी चहा आणला. मी ओरडत होतो आन् ते सगळे मला समजून घेत होते. तवा मला कळलं, माझं डिसेंबरचं माफीचं पत्र वाचून तुला काय झालं असंल.

म्हणून माफी मागत न्हाई. ती द्यायला किती सोपी असते ते मला ठाऊक झालंय, आन् घेणाऱ्याच्या पदरात काय पडतं तेही.

नकुशीला तुझी पट्टी दाखवली. तिनं अंगठ्यावर धार बघितली आन् म्हणाली, "हे आधी कुठं होतं?" जालिंदरनं बाहेरचे चाकू मागवलेत. नकुशीची टोळी आता ऊसतोडीच्या मागं चाऱ्याची वाढं गोळा करते. तिच्याजवळ मी काय बोलणार?

साहेबांना एक लांबलचक पत्र लिहिलं होतं. सगळा दोष माझ्यावर घेतला होता, तुझं कौतुक दोन पानं केलं होतं. पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, तिकीट लावलं. टपालपेटीपाशी गेलो आन् परत आलो. माझ्या चांगुलपणानं आणखी तुझं काही जायला नको. चुलीत घातलं.

शेड बंद हाय. ये असं म्हणत न्हाई. पहिल्या पत्रात जे तुझ्यासाठी ठेवलंय म्हणालो, ते आता मी कुठल्या तोंडानं पुढं करू? गोण्या उचलताना पाठीवर नको घेऊस, खांद्यावर घे, एवढंच सांगायला माझ्याकडं उरलंय, आन् तेही तुला माहीत असंल.

आता मी काय करावं, ते तू सांग. वहिनींकडं येऊन बसू, का शिरूरची वाटच सोडू? नकुशीकडं जाऊ, का न जाऊ? ह्या खेपेला दुसऱ्या कुणाला विचारणार न्हाई. तुझं उत्तर येईपर्यंत मी कुठं जात न्हाई, कुणाला भेटत न्हाई. पडवीत बसून हाय. पोस्टमन अकराला येतो. शितलच्या हातचं नको, तुझ्या हातचं पाहिजे. एक ओळ असली तरी चालेल, शिवी असली तरी चालेल. पण लवकर लिही.

आबा